ओडाना : बॅड नदीकाठची चिपेवा वसाहत

ओडाना हे अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील गाव सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठाजवळ, ॲशलंड शहराच्या पूर्वेस सुमारे १६ किमी. अंतरावर, बॅड आणि व्हाइट या नद्यांच्या संगमापाशी वसले आहे. ओजिब्वे ऊर्फ चिपेवा लोकांच्या बॅड रिव्हर राखीव क्षेत्राचे हे मुख्य ठाणे. क्षेत्राचा विस्तार सुमारे सव्वा लाख एकर असून मॅडलिन बेटाच्या ईशान्य टोकाची, मासेमारीसाठी राखलेली सुमारे २०० एकर जमीनही त्यात मोडते. नदीला इथले लोक मश्कीझीबी म्हणतात.

बॅड आणि काकागॉन नद्या सरोवराला मिळतात तिथे पाणथळीचा मोठा पट्टा पसरला आहे. ही वस्ती जगली ती त्याच्या जोरावर. उथळ, संथ पाण्यात भाताच्याच कुळातले मनोमिन हे धान्य आपोआप उगवते. ऑगस्टअखेरीस ते पिकू लागले की एकेका होडीत दोघे निघतात. एकजण लांब बांबूसारख्या काठीने होडी रेटतो. दुसरा एका दांडक्याने ताटे होडीवर वाकवतो आणि दुसऱ्याने हलकेच झोडतो. बरेच दाणे होडीत पडतात, काही पाण्यात जातात. पाण्यात गेले ते पुढच्या सालचे बी. घरी आणलेले धान्य वाळवायचे, कढईत भाजायचे, खड्ड्यात घालून पायांनी मळायचे आणि भूर्जसालीच्या सुपाने पाखडायचे. पाण्याची पातळी थोडी चढली-उतरली तरी पीक हातचे जाते. पुढच्या साऱ्या भांडणांत नदीच्या पाण्याविषयी हे लोक इतके हळवे का राहिले, ते यावरून समजते.

मॅडलिन बेटावरील ला पॉइंट येथे राहणारे चिपेवा मळे करायला, मेपलची साखर काढायला आणि धान्य झोडायला इकडे येत. १८४५ मध्ये प्रॉटेस्टंट मिशनरी लेनर्ड व्हीलर ला पॉइंटहून येथे आला आणि कायम वस्ती वाढू लागली. चिपेवांना हुसकावण्याच्या बेताला पुढे त्यानेही विरोध केला.

१८३७ च्या तहाने सरकारला पाइनची जंगले मिळाली, १८४२ च्या तहाने तांब्याचा प्रदेश. जमीन दिली तरी शिकार, मासेमारी आणि धान्य गोळा करण्याचा हक्क चिपेवांनी राखून ठेवला होता. मात्र राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीने त्यांना हलवता येईल अशी पळवाटही तहांत होती. ६ फेब्रुवारी १८५० रोजी राष्ट्राध्यक्ष झॅकरी टेलर यांनी तिचा आधार घेऊन हे हक्क रद्द केले आणि चिपेवांना मिसिसिपीच्या पश्चिमेकडे जाण्याचा हुकूम काढला. चिपेवांनी आगळीक केली होती असे नाही. तहाचे वार्षिक पैसे आणि माल जिथे वाटला जाई तिथे व्यापार आणि नोकऱ्या फुलत, आणि मिनेसोटा प्रांताच्या पुढाऱ्यांना ही मिळकत आपल्याकडे हवी होती.

प्रांताचे गव्हर्नर अलेक्झांडर रॅम्झी आणि उपएजंट जॉन वॉट्रस यांनी वाटपाची जागाच ला पॉइंटहून मिनेसोटातील सँडी लेक येथे नेली. ऑक्टोबर १८५० च्या अखेरीस या, असा निरोप गेला. हजारो लोक लांबचा प्रवास करून पोहोचले, तेव्हा तिथे ना पैसे होते ना पुरेसे अन्न. वाटलेला शिधा नासका निघाला. आमांश आणि गोवर पसरला. थोडाफार माल हाती पडेपर्यंत डिसेंबर उजाडला आणि नद्या गोठल्या. सुमारे १५० माणसे सँडी लेकलाच मेली, आणखी सुमारे २३० बर्फातून पायी परतताना. याला गैरव्यवस्था म्हणणे म्हणजे सत्य झाकणे होय. थंडी पडेपर्यंत लोकांना अडकवून ठेवायचे म्हणजे ते परत फिरणार नाहीत, असा तो बेत होता. वाचलेले परत फिरले, आणि तिकडे राहायला जायचे नाही हे त्यांनी ठरवून टाकले.

१८५२ च्या वसंतात ला पॉइंटचा वयोवृद्ध प्रमुख केचेवाइश्के (चीफ बफेलो) वॉशिंग्टनला निघाला. वय नव्वदीच्या पुढचे सांगितले जाते. बरोबर ओशोगा हा वक्ता, दुभाष्या बेंजामिन आर्मस्ट्राँग आणि आणखी काही साथीदार होते. भूर्जसालीच्या होडीतून सुपीरियरच्या दक्षिण काठाने जाताना वाटेतल्या गोऱ्या व्यापाऱ्यांच्या आणि वसाहतवाल्यांच्या सह्या त्यांनी अर्जावर घेतल्या. शेजाऱ्यांनाच हे लोक जायला नको आहेत, हा पुरावा कोणत्याही भाषणापेक्षा वजनदार होता. राजधानीत इंडियन खात्याने त्यांना घरी परतायला सांगितले. तरीही राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर यांची भेट त्यांनी मिळवली. स्थलांतराचा हुकूम मागे घेण्यात आला आणि वाटप पुन्हा ला पॉइंटला आले.

३० सप्टेंबर १८५४ च्या ला पॉइंट तहाने बॅड रिव्हर, रेड क्लिफ, लाक कूर्ट ओरे, लाक द्यू फ्लँबो इत्यादी राखीव क्षेत्रे कायम झाली. त्यासाठी सरोवराच्या उत्तर काठाचा खनिजसंपन्न प्रदेश द्यावा लागला, म्हणून या तहाला सरकारची कृपा समजू नये. केचेवाइश्के पुढच्याच वर्षी वारला.

१८८७ च्या डॉस कायद्याने सामाईक जमिनीचे तुकडे पाडले. स्टर्न्स लाकूड कंपनीने ओडानात मोठी गिरणी घातली. १९२२ पर्यंत पाइन संपला, कंपनी निघून गेली आणि बरीच जमीन परक्यांच्या हाती गेली. पुरांना कंटाळून १९६० च्या दशकात वस्ती उंचावरील नव्या ओडानात हलवली गेली.

टेलर यांच्या हुकुमाचा निकाल लागायला मात्र शतक-दीड शतक जावे लागले. विस्कॉन्सिनमधील चिपेवांचे शिकार-मासेमारीचे हक्क जिवंत आहेत, असे संघीय अपील न्यायालयाने १९८३ मध्ये ठरवले. मिनेसोटाच्या मिल लाक चिपेवांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी सांगितले, की १८५० च्या हुकुमाने ते हक्क संपुष्टात आलेच नव्हते.

१९९६ मध्ये मिशिगनमधील तांब्याच्या खाणीकडे गंधकाम्ल नेणाऱ्या गाड्या इथल्या चिपेवांनी रुळांवर ठाण मांडून अडवल्या. २०१२ मध्ये इथल्या पाणथळींचा रामसर या आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत समावेश झाला. सध्याचा वाद एनब्रिज कंपनीच्या ‘लाइन ५’ या तेलवाहिनीचा आहे. १९५३ पासून ती क्षेत्रातून सुमारे १९ किमी. जाते, काही भूखंडांवरील परवाने २०१३ मध्ये संपले आणि २०१७ मध्ये आदिवासी परिषदेने ते वाढवून न देण्याचा ठराव केला. पात्र बदलत नदी एका वळणावर वाहिनीच्या अगदी जवळ आली आहे. २०१९ मध्ये परिषद न्यायालयात गेली. जून २०२३ मध्ये संघीय न्यायाधीश विल्यम कॉन्ली यांनी कंपनीला ५० लाख डॉलरांहून अधिक रक्कम देण्याचा आणि तीन वर्षांत क्षेत्रातील वाहिनी बंद करण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध अपील झाले. क्षेत्राला वळसा घालणारा सुमारे ६६ किमी. चा नवा मार्ग कंपनीने आखला आहे. तो याच नदीच्या वरच्या खोऱ्यातून जातो, म्हणून परिषदेचा त्यालाही विरोध आहे.