बोरूपासून कळफलकापर्यंत : मराठी दप्तराची लेखनसाधने

मराठेशाहीचा कारभार बोरूवर चालला. बोरूच्या कांडीचे टोक चाकूने तासायचे, मधोमध बारीक चीर द्यायची आणि टोक तिरके कापून त्याला कत द्यायचा, की लेखणी तयार होई. ती काजळ आणि डिंकाच्या शाईत बुडवून कारकून मोडी लिहीत. या लिपीचे श्रेय परंपरेने यादवांचा मंत्री हेमाडपंत याला दिले जाते. मोडी लिहिणारा आधी कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सलग रेघ ओढी आणि मग हात शक्य तितका कमी उचलत अक्षरे तिच्याखाली गुंफीत जाई. शब्दांमध्ये जागा सोडण्याची रीत नव्हती. इकार-उकारांतला ऱ्हस्वदीर्घ भेदही या लिपीने सोडून दिला, कारण त्यासाठी हात अडवणे परवडणारे नव्हते.

या वेगावरच राज्याचे दप्तर उभे राहिले. छत्रपती शिवाजी महाराजांचे चिटणीस बाळाजी आवजी यांच्यापासून पुण्याच्या हुजूर दप्तरातील फडापर्यंत पत्रव्यवहार, रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद यांचा प्रचंड व्याप मूठभर लेखकवर्गाने सांभाळला. लेखणीच्या वेगाबरोबर मजकुराचाही साचा ठरत गेला. पत्र कोणाला लिहायचे यावर मायना ठरे. बरोबरीच्या मानकऱ्याला ‘राजमान्य राजश्री’, वडीलधाऱ्यांना ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’. नेहमीचे शब्द एकदोन अक्षरांत आटोपले जात आणि पुढे दोन उभ्या रेघा येत. शेवटी ‘मोर्तब सूद’ असा शिक्का उमटला, की त्याखाली कोणाला काही घुसडता येत नसे. लिहिणाऱ्याचे डोके मायन्यात अडकत नसे, ते थेट मुद्द्यावर येई. वाचणाऱ्यावर मात्र मोठा भार पडे. शब्द कोठे तुटतो, संक्षेप कशाचा आहे, हे प्रकरण माहीत असलेल्यालाच कळे. मोडी दप्तर जाणकारांनी जाणकारांसाठी लिहिलेले होते.

पोथ्या, स्तोत्रे आणि ग्रंथ मात्र बाळबोध म्हणजे देवनागरी लिपीत, सुट्या अक्षरांत लिहिले जात. अशा रीतीने कामाची लिपी आणि ज्ञानाची लिपी वेगळ्या झाल्या. छपाईने या विभागणीचा निकाल लावला. विल्यम केरी यांचा मराठी कोश १८१० मध्ये बंगालमधील श्रीरामपूरला मोडी खिळ्यांनी छापला गेला, पण एकमेकांत अडकणारी अक्षरे सुट्या खिळ्यांना मानवणारी नव्हती. १८३२ मध्ये बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले ते बाळबोधीत. पुढची वृत्तपत्रे, क्रमिक पुस्तके आणि कोश त्याच वाटेने गेले. कचेऱ्यांत बोरूची जागा लोखंडी टाकाने घेतली, मोडी अधिक बारीक आणि एकसारखी झाली, पण ती हस्तलेखनापुरतीच उरली. विसाव्या शतकाच्या मध्याला शाळांतूनही ती गेली. परिणामी पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर मराठीतच असूनही बहुतेक मराठी माणसांना वाचता येत नाही.

खिळ्यांच्या छपाईची अडचण वेगळी होती. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून देवनागरीला शेकडो खिळे लागत, आणि खिळेजुळाऱ्याचा हात खिळ्यांच्या पेटीत घरोघर फिरे. टिळकांनी ‘केसरी’साठी खिळ्यांची संख्या घटवण्याचे प्रयत्न केले, सावरकरांनी ‘अ’ची बाराखडी सुचवली. टंकलेखन यंत्राने हा प्रश्न आणखी ताणला. यंत्रावर नव्वदच्या आसपास चिन्हांनाच जागा होती. म्हणून ‘ख’, ‘ध’, ‘श’ यांसारखी अक्षरे अर्ध्या रूपाला काना जोडून उमटवावी लागत, आणि उच्चारात नंतर येणारी ऱ्हस्व वेलांटी आधी दाबावी लागे. टंकलेखकाची बोटे उच्चार नव्हे, अक्षराचे चित्र जुळवत.

गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखन यंत्र बाजारात आणले, तर १९६४च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने राज्यकारभारात मराठीला अधिकृत स्थान दिले. टंकलेखकाच्या सरकारी नोकरीसाठी मिनिटाला ३० मराठी शब्दांची अट आली आणि गावोगाव टायपिंगचे क्लास उघडले. त्यांतून अनेक मुलींना कचेरीची वाट सापडली. कामाची रीतही बदलली. अधिकारी कच्चा मसुदा हाताने लिही, टंकलेखक तो कार्बन घालून टंकित करी. चूक सुधारणे म्हणजे पान पुन्हा घालणे. त्यामुळे विचार, खाडाखोड आणि शब्दांची निवड आधीच उरकावी लागे. मसुद्याला शिस्त आली, पण सुचणारा आणि उमटवणारा असे दोघे वेगळे झाले.

संगणकाने त्यांना पुन्हा एकत्र आणले. १९८६ मध्ये आखलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर अक्षर आधी आणि वेलांटी नंतर, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने येते. अक्षराचे चित्र जुळवण्याचे काम यंत्राकडे गेले. पुण्याच्या सी-डॅकने जिस्ट तंत्रातून भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. तरी बरीच वर्षे जो तो आपापला फाँट वापरी, आणि एका कचेरीतले पत्र दुसरीकडे उघडले की निरर्थक चिन्हे दिसत. युनिकोड रुळल्यावर ही अडचण दूर झाली. मोबाइलवर अनेकजण रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवतात. त्यांच्या हातून ‘न’ आणि ‘ण’, ‘ल’ आणि ‘ळ’ यांतला फरक सहज निसटतो.

मजकूर दुरुस्त करणे फुकट झाल्यामुळे आता लिहिता लिहिता विचार करता येतो. त्याच सोयीने जुन्या पत्राचा परिच्छेद उचलून नव्यात चिकटवण्याची सवयही लावली. तिथे विचार न करताच लिहिणे होते. शोधण्याची सोय हा सर्वांत मोठा लाभ आहे, पण त्यालाही अट आहे. १९६२च्या शुद्धलेखन नियमांनी अनुच्चारित अनुस्वार वगळले. जुन्या ग्रंथांत ‘कांहीं’ आहे आणि आजच्या मजकुरात ‘काही’. साध्या शोधात एक रूप दिले तर दुसरे हाती लागत नाही. जाणकार वाचक लेखनातली उणीव संदर्भाने भरून काढी. यंत्र बहुधा लिहिले तेवढेच पाहते. म्हणून एकसारखे शुद्धलेखन ही आता केवळ शाळेतल्या गुणांची बाब राहिलेली नाही. मराठीतले ज्ञान पुढच्या माणसाला सापडेल की नाही, हे बऱ्याच अंशी त्यावर ठरते.