भिंत उघडली त्या रात्रीचा चित्रपट

१/ ९ नोव्हेंबर १९८९, पूर्व बर्लिन. ‘किनो इंटरनॅशनल’ या चित्रपटगृहात हायनर कारो दिग्दर्शित ‘कमिंग आउट’चे पहिले खेळ झाले. त्याच रात्री बर्लिनची भिंत उघडली. जगाने भिंत लक्षात ठेवली. चित्रपटाची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही.

२/ नाझींनी १९३५ मध्ये कडक केलेले समलिंगी पुरुषांविरुद्धचे कलम १७५ पश्चिम जर्मनीने १९६९ पर्यंत तसेच राखले. पूर्वेने १९५० मध्येच नाझींची भर काढून टाकली आणि १९६८ च्या दंडसंहितेतून ते कलमच वगळले. नव्या कलम १५१ ने मात्र समलिंगी संबंधांसाठी संमतिवय १८ ठेवले. भिन्नलिंगी संबंधांसाठी ते कमी होते.

३/ कायद्याची ही सवलत सार्वजनिक जीवनात उतरली नाही. समलिंगींच्या स्वतंत्र संघटनांना मान्यता मिळत नसे. १९८० च्या दशकात अनेक गटांनी प्रॉटेस्टंट चर्चचा आसरा घेतला. श्टाझी ही गुप्तचर यंत्रणा त्यांच्यावर पाळत ठेवी.

४/ एप्रिल १९८५ मध्ये राव्हेन्सब्रुक छळछावणीच्या मुक्तीला ४० वर्षे झाली. तेथे आदरांजली वाहण्यास निघालेल्या पूर्व बर्लिनमधील लेस्बियन स्त्रियांच्या गटाला पोलिसांनी अडवले. फॅसिझमविरोध हा ज्या राज्याचा पाया, त्याच्या स्मृतीत या बळींना जागा नव्हती.

५/ हीच जखम कारो यांनी पडद्यावर आणली. नायक फिलिप हा शिक्षक. सहशिक्षिका तान्याशी संसार मांडू पाहणारा फिलिप माथियास या तरुणाच्या प्रेमात पडतो. पुढे मद्यालयात एक वृद्ध त्याला आपली छळछावणीतील कहाणी सांगतो. कम्युनिस्टांनी शोषण संपवले, पण समलिंगींचा मात्र विसर पडला, असा त्याच्या बोलण्याचा आशय. हा आरोप करणारा चित्रपट ‘डेफा’ या सरकारी स्टुडिओनेच काढला होता!

६/ कारण राज्यही बदलू लागले होते. १९८८ च्या अखेरीस कलम १५१ रद्द करण्याचा निर्णय झाला. १९८९ मध्ये तो अमलात आला. १९९० च्या बर्लिन महोत्सवात ‘कमिंग आउट’ला रौप्य अस्वल मिळाले. त्याच वर्षी, ३ ऑक्टोबरला, पूर्व जर्मनीचे राज्य विसर्जित झाले. पश्चिमेत मात्र सौम्य केलेले कलम १७५ अजून जिवंत होते. एकीकृत जर्मनीने ते रद्द केले १९९४ मध्ये.