मागे घेतलेला अर्ज

गेल्या महिन्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. रेशन कार्ड, मतदार यादी, पिण्याचं पाणी अशा प्रश्नांवर वस्त्यावस्त्यांतून लोकांना एकत्र करणाऱ्या एका संघटनेत ती चार वर्षं काम करते आहे. तालुका संघटकाची जागा निघाली म्हणून तिने अर्ज केला. मुलाखतीत तिला विचारलं गेलं, "बाकीच्या वस्त्यांतले लोक तुमचं ऐकतील का?" 'बाकीच्या' म्हणजे कोणत्या, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. निवड करणाऱ्यांत दोन तट पडले आणि निर्णय लांबला.

"सर, अर्ज मागे घेऊ का? माझ्यामुळे संघटनेत भांडण नको."

माझ्या तोंडावर आलं होतं, "घे, यात मोठेपणा आहे." कारण अशा एका मोठ्या माणसाचा अर्ज मला आठवला होता. पण तो इतिहास नीट आठवू लागलो तसा मी गप्प झालो.

नामदार गोखल्यांनी १२ जून १९०५ रोजी पुण्यात भारत सेवक समाज स्थापन केला. देशाचं काम फावल्या वेळात होत नाही, त्यासाठी पूर्णवेळ आणि तयारीचे लोक हवेत, हा त्यामागचा विचार. सदस्य होणाऱ्याला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. देशाचा विचार सर्वांत आधी, जात आणि धर्म न पाहता सगळ्या भारतीयांची सेवा, स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, समाज देईल त्यात आपलं आणि कुटुंबाचं भागवायचं, कुणाशी वैयक्तिक भांडण करायचं नाही. शिवाय पाच वर्षांची उमेदवारी. स्वतः गोखले 'प्रथम सदस्य' होते आणि शिकाऊ सदस्यांना त्यांच्या शिस्तीत राहावं लागे.

अशा कडक अटी असूनही माणसं आली. ना. म. जोशी आधी शिक्षक होते. ते समाजात आले आणि पुढे १९२० मध्ये आयटक उभी करण्यात पुढे राहिले. ठक्कर बाप्पांनी मुंबई महापालिकेतली इंजिनिअरची नोकरी सोडली आणि १९१४ मध्ये समाजात प्रवेश घेतला. पुढचं आयुष्य त्यांनी आदिवासी आणि दलितांच्या सेवेत घालवलं.

९ जानेवारी १९१५ रोजी गांधीजी दक्षिण आफ्रिकेतून मुंबईत उतरले. वय ४५, म्हणजे आज माझं आहे तेवढंच. त्याच आठवड्यात गुर्जर सभेने त्यांचा सत्कार केला. त्या समारंभात बॅरिस्टर जिनांनी इंग्रजीत स्वागताचं छोटं भाषण केलं, गांधीजींनी उत्तर गुजरातीत दिलं. ते जिनाही त्या काळी गोखल्यांना फार मानत. 'मुस्लिम गोखले' व्हायची आपली इच्छा आहे, असं त्यांनी सरोजिनी नायडूंना सांगितलं होतं. त्या दिवसांत एकाच माणसाच्या सावलीत कोण कोण उभं होतं, हे आपण पाठ्यपुस्तकात क्वचितच शिकवतो.

गांधीजींना भारत सेवक समाजात जायचं होतं. गोखल्यांचीही तीच इच्छा होती. अडचण सदस्यांची होती. समाजाच्या घटनेत ब्रिटिश संबंध हा ईश्वरी योजनेचा भाग म्हणून मान्य केलेला, तर गांधीजी सत्याग्रह करून आलेले. 'हिंद स्वराज्य' लिहून त्यांनी रेल्वे, वकील, डॉक्टर, सगळ्यांवरच टीका केली होती. गोखले या मतांना हसत आणि वर्षभर देशात राहिलात की मतं आपोआप ताळ्यावर येतील, असं म्हणत. वर्षभर देश फिरा, सार्वजनिक प्रश्नांवर बोलू नका, अशी अट त्यांनी घातली आणि गांधीजींनी ती पाळली. गोखल्यांनी एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगितली होती: सदस्यांनी तुम्हाला रीतसर घेतलं नाही, तरी मी तुम्हाला सदस्यच समजेन.

पुण्यात त्यांनी गांधीजींसाठी भुईमुगाच्या शेंगा, खजूर आणि फळांचा साधा अल्पोपाहार ठेवला. प्रकृती ढासळलेली असतानाही ते खोलीतून तिथवर आले आणि चक्कर येऊन पडले. १९ फेब्रुवारीला ते गेले. वय अवघं ४८. गांधीजी तेव्हा शांतिनिकेतनात होते. बातमी कळताच ते पुण्याकडे निघाले.

आता अर्ज पुढे रेटायला गोखले नव्हते. सदस्यांची बैठक झाली. काहींना गांधीजी हवे होते, काहींचा ठाम विरोध होता. विरोधाचं कारण उघड होतं: तुमची पद्धत आमच्या पद्धतीत बसणार नाही. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. गांधीजी अस्वस्थ होऊन परतले. बहुमताच्या जोरावर आत जाणं त्यांना पटेना. त्यांनी श्रीनिवास शास्त्र्यांना पत्र लिहून अर्ज मागे घेतला आणि पुढची बैठकच घेऊ नका म्हणून कळवलं. आत्मकथेत ते म्हणतात की अर्ज मागे घेतल्यानेच आपण समाजाचे खरे सदस्य झालो.

ही नुसती सारवासारव नव्हती, हे पुढे दिसलं. १९१७ मध्ये चंपारणात डॉक्टरची गरज पडली, तेव्हा याच समाजाने आपले डॉ. देव सहा महिन्यांसाठी पाठवले.

इथपर्यंत गोष्ट सुंदर आहे. पण मला थांबवलं ते दोन प्रश्नांनी.

पहिला: अर्ज मागे घेतल्यावर गांधीजींकडे काय उरलं? दक्षिण आफ्रिकेतलं नाव उरलं, फिनिक्सचे सोबती उरले. २५ मे १९१५ रोजी अहमदाबादेत कोचरबला त्यांचा स्वतःचा आश्रम सुरू झाला. एक दार सोडून देणाऱ्याला दुसरं दार बांधता येत होतं. माझ्या विद्यार्थिनीकडे कोणता आश्रम आहे?

दुसरा: विरोध कशाला होता? गांधीजींना त्यांच्या मतांबद्दल विरोध झाला, तोही तोंडावर आणि आदर राखून. मत बदलता येतं, त्यावर वाद घालता येतो. या मुलीच्या मताबद्दल, कामाबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. शंका तिच्या नावावर होती. तिथे माघार घेतली तर भांडण टळत नाही, फक्त शंका घेणाऱ्याला उत्तर द्यावं लागत नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो असं नाही. बारा वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका संघटनेत तालुक्याच्या पदासाठी मी नाव दिलं होतं. अशीच कुजबुज झाली आणि मी नाव मागे घेतलं. लोकांनी माझ्या समंजसपणाचं कौतुक केलं. मीही बरीच वर्षं त्याला त्याग म्हणत होतो. खरं म्हणजे मी घाबरलो होतो. त्यानंतर त्या पदासाठी आमच्यातल्या कुणी नाव दिलेलं मला आठवत नाही.

म्हणून तिला एवढंच म्हणालो, "अर्ज राहू दे. 'बाकीच्या' वस्त्यांत चार वर्षांत केलेली कामं तारखेसह कागदावर लिहून त्यांना दे. नाकारायचं असेल तर त्यांनी कारण लिहून नाकारावं."

तिने कागद दिला आहे. निकाल अजून लागलेला नाही. वाचकहो, तिच्यासाठी दुआ करा.