गंगेच्या मासळीची खानेसुमारी

गंगाखेडास गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस बहुधा परगावचा समजावा. तेथे ती गंगाच, आणि तिच्या दोन्ही तीरांचा मुलूख तो गंगाथडी. संत जनाबाईंच्या या जन्मगावी, मृगाचे पाणी पडून गेले आणि पात्राला गढूळ रंग चढला, म्हणजे घाटाच्या पायऱ्यांखाली गळ टाकून बसणारी मंडळी जमू लागतात, आणि त्यांच्यात अलीकडे एक वाद हटकून निघतो, तो हा, की नदीतली मासळी पुन्हा वाढीस लागली आहे किंवा नाही. तरुण पक्ष आपल्या पिशवीतला चकचकीत रोहू काढून दाखवितो आणि म्हणतो, ‘‘मामा, हे बघा, आणि म्हणे मासे राहिले न्हाईत!’’ वडील पक्ष माशाकडे क्षणभर पाहतो आणि दोरीवरची नजर न हलविता उत्तरतो, ‘‘बंधाऱ्याचा हाय तो. गंगेचा नव्हं.’’

हा निवाडा वरवर पाहता हट्टी म्हातारपणाचा वाटेल. परंतु या नदीचा इतिहास थोडा मागे जाऊन चाळला, तर फिर्यादी आणि प्रतिवादी या दोघांचीही साक्ष खरी असून ते दोन निरनिराळ्या नद्यांविषयी बोलत आहेत, असे दिसून येते.

गळाने मासे धरणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग, अशी आपल्याकडे समजूत आहे, पण हा उद्योग एका काळी राजमान्य होता. कल्याणीचा चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर, ज्याच्या घराण्याची सत्ता या प्रदेशावरही चालत होती, त्याने 1129 च्या सुमारास सिद्ध केलेल्या ‘मानसोल्लास’ या प्रचंड संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक स्वतंत्र प्रकरण घातले आहे. त्यात समुद्रातले व नद्यांतले, खवल्यांचे व बिनखवल्यांचे, थोर व लहान असे माशांचे प्रकार सांगून, गळ, दोरी आणि आमिष यांचे विवेचन राजाला शोभेल अशा गांभीर्याने केलेले आहे. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी 1951 मध्ये या प्रकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा विद्वानांचे लक्ष त्याकडे गेले. घाटावरच्या मंडळींना मात्र आपला वंश इतका थोर असल्याची वार्ता अद्याप पोहोचलेली नाही.

दुसरी साक्ष एका इंग्रज अंमलदाराची. मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनची आकडेवारी गोळा करीत फिरलेल्या विल्यम हेन्री साइक्स याने 1839 मध्ये दख्खनच्या माशांचे जे वर्णन प्रसिद्ध केले, त्याचा मुख्य आधार पुण्याकडच्या भीमेच्या खोऱ्यातील नद्या हा असला, तरी त्यातील पुष्कळ जाती गोदावरीतही आढळतात. या गृहस्थाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: नवीन जातींना नावे देताना त्याने अनेकदा स्थानिक लोकांच्या तोंडचा शब्दच उचलून लॅटिनच्या पंक्तीला बसविला. शिंगाळ्याच्या शास्त्रीय नावातील ‘सींघाला’, लहान शिंगटीच्या नावातील ‘सींगटी’, तसेच ‘कोलुस’, ‘पोटेल’ आणि ‘नुक्ता’ हे सारे शब्द नदीकाठच्या बोलीतून थेट लंडनच्या प्राणिशास्त्रीय दप्तरात दाखल झाले आणि तेथे ते आजही कायम आहेत. ज्या लोकांना लिहिता येत नव्हते, त्यांनी जगाच्या विज्ञानाला दिलेले हे शब्द होत, आणि मासा गेला तरी नाव जात नाही, हा त्यातला करुण भाग होय.

हे लोक म्हणजे मुख्यत्वे भोई. पालखी वाहणे, उतारूंना नावेतून पैलतीरी नेणे, जाळी विणणे व मासे धरणे, आणि उन्हाळ्यात पात्र आटले म्हणजे वाळवंटात टरबूज-खरबुजांच्या वाड्या करणे, असा त्यांचा वर्षाचा क्रम नदीच्या चढउताराशी जुळलेला होता. गंगाखेडचा हा परभणी जिल्हा 1948 च्या सप्टेंबरापर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, आणि त्या राज्यात उत्पन्नाच्या बाबी मक्त्याने देण्याची जी वहिवाट होती, तिने मराठवाड्याच्या बोलीला ‘गुत्ता’ आणि ‘गुत्तेदार’ हे दोन शब्द कायमचे देऊन ठेवले. राज्य गेले, जिल्हा 1956 मध्ये मुंबई राज्यात व 1960 मध्ये महाराष्ट्रात आला. गुत्तेदार मात्र होता तेथेच आहे, आणि आज तो वाळूचा आहे. त्याच्याकडे पुढे यावयाचे आहे.

नदीचे खरे राज्यांतर झाले ते धरणांनी. जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरीचे धरण 1968 मध्ये पुरे झाले. त्याच्या खाली सिद्धेश्वरचे धरण झाले. वरच्या अंगाला पैठण येथे 1965 मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते ज्याची पायाभरणी झाली, त्या जायकवाडीचे उद्घाटन 1976 मध्ये इंदिरा गांधींनी केले. पुढे परभणी जिल्ह्यातल्या पात्रावरच ढालेगाव, मुद्गल, डिग्रस असे उच्च पातळीचे बंधारे उभे राहिले आणि पाथरीपासून पालमपर्यंतची वाहती गंगा लांबट तलावांच्या माळेसारखी झाली. दुष्काळाने पोळलेल्या या जिल्ह्याला त्या पाण्याची किंमत काय आहे, हे येथे राहणाऱ्यास सांगावयास नको, आणि धरणांविरुद्ध कैफियत मांडण्याचा माझा हेतू नाही. परंतु माशांच्या बाजूने पाहिले तर वाहते पाणी आणि साठलेले पाणी हे दोन वेगळे मुलूख आहेत, आणि एका मुलखाची रयत दुसऱ्यात नांदतेच असे नाही.

पहिल्या पुराबरोबर प्रवाहाच्या उलट चढत जाऊन अंडी घालणारे जे मासे, त्यांना आपले लोक ‘चढणीचे मासे’ म्हणतात. भिंत आडवी आली की त्यांची यात्रा तेथेच खुंटते. हे दुःख नवीन नाही. गोदावरीच्या मुखाकडे, राजमहेंद्रीजवळ दवळेश्वरम येथे आर्थर कॉटन याने 1847 ते 1852 या काळात बंधारा घातला, आणि समुद्रातून नदीत चढणाऱ्या पाल्यासारख्या माशांची वाट अशा बंधाऱ्यांनी अडते, अशी तक्रार फ्रान्सिस डे याने 1873 च्या आपल्या सरकारी अहवालातच नोंदविली होती. समुद्रात जन्मून नदीत वाढणाऱ्या अहिरासारख्या लांबड्या माशाच्या वाटेत तर तेव्हापासून एकावर एक दरवाजे लागत गेले.

मग तरुणांच्या पिशवीतला रोहू आला कोठून? रोहू व मृगळ हे मूळचे उत्तरेकडच्या गंगेचे. साठलेल्या पाण्यात ते वाढतात, परंतु सहसा वीत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधुरी आणि अलीकुन्ही यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून अशा माशांची वीण घडवून आणली, आणि तेव्हापासून मत्स्यबीज हवे तेवढे निपजू लागले. जलाशयात सोडलेली ती बोटुकली पुराच्या पाण्याबरोबर खाली येतात, डोहात पोसतात आणि गळाला लागतात. वडील पक्ष त्यांना ‘बंधाऱ्याचे’ म्हणतो, तो असा अक्षरशः खरा.

चिलापीची कथा याहून निराळी. 1952 मध्ये देशात आणलेल्या या मूळच्या आफ्रिकी माशाला बीज सोडणारे कोणी लागत नाही; नर तळाशी खळगा करतो, मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते, आणि संथ पाणी मिळाले की काही वर्षांत डोह त्याच्या मालकीचा होतो. मरळ हा आपला देशी मासा, पण त्यालाही संथ, गवताळ पाणी मानवते. त्याच्या तांबूस पिलांचा थवा बंधाऱ्याच्या काठाशी फिरताना दिसतो, आणि बेडकाचे आमिष लावून मरळ धरणारा मनुष्य ‘‘मासळी वाढली’’ असे म्हणतो, तेव्हा तो स्वतःच्या अनुभवापुरते खोटे बोलत नसतो. उलट ज्याचा जीव शिंगाळ्यावर किंवा खवल्या माशावर जडलेला, त्याला वाहता चर आणि वाळूचा, खड्यांचा स्वच्छ तळ हवा. आणि तो तळच आता वाळूच्या गुत्तेदाराच्या यंत्राने उपसून ट्रकांत भरून जात आहे. वाळू गेली म्हणजे पात्रात चिकण आणि खड्डे उरतात; टरबुजांची वाडी जाते, अंडी घालण्याची जागा जाते, आणि घाटावर बसणाऱ्याला खोलीचा अंदाज राहत नाही. मासे कमी होण्याचे खापर बारीक आसाच्या जाळ्यांवर फोडण्याची चाल आहे, आणि त्या जाळ्यांचा दोष लहान नाही. तथापि दहा जाळ्यांनी वर्षात जे नेले नसते, ते एका उन्हाळ्यात नाहीसे करण्याची ताकद त्या यंत्रात आहे, असे मला वाटते.

म्हणून या नदीची खानेसुमारी करावयाची तर वजनकाट्याने भागणार नाही. काट्यावर रोहूचा शेर आणि शिंगाळ्याचा शेर सारखाच भरतो. मोजावयाचे ते हे, की कोणती मासळी येथे आपली आपण वीत आहे, आणि कोणती केवळ पाहुणी आहे. आणि हा हिशेब ठेवणारे दप्तर आजमितीस घाटावरच्या त्या वृद्धांच्या स्मरणाखेरीज मला कोठे आढळले नाही. ते वाद घालताना जी नावे घेतात, त्यांपैकी निम्मी त्यांच्या नातवांनी ऐकलेली नसतात.

पहिल्या मोठ्या पुरात, दरवाजे उघडण्यापूर्वी, बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला उभे राहिले तर फेसाळ पाण्यातून मधूनच एखादा रुपेरी अंगाचा मासा उसळतो, ओल्या काँक्रिटवर आदळतो, खाली पडतो आणि पुन्हा उसळतो. तो पाहावयास घाटावरचे दोन्ही पक्ष एकत्र जातात. त्या वेळी जाळे कोणी टाकीत नाही, आणि बराच वेळ कोणी बोलतही नाही.