टेस्लाची होडी, आमची होडी

लहानपणी जत्रेत पत्र्याची एक होडी मिळायची. आत तेलाची इवलीशी वात पेटवायची, मागच्या दोन नळ्यांत पाणी भरायचं आणि घंगाळात सोडायची. फट फट फट करत ती निघायची ती थेट घंगाळाच्या काठावर आपटायची. सांगलीच्या आमच्या घरी अशा किमान चार होड्या शहीद झाल्या असतील. आतलं यंत्र तसं साधं: वातीने पाण्याची वाफ होते, वाफ नळ्यांतलं पाणी मागे फेकते, मग वाफ थंड होते आणि पाणी पुन्हा आत ओढलं जातं. बाहेर जाताना पाणी सरळ धारेसारखं मागे जातं, आत येताना मात्र चहूबाजूंनी येतं, म्हणून होडी पुढे सरकते. (हे मला कळलं ते पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी, तेही चुकून. तोवर मी ते गृहीतच धरलं होतं.) एकच खोट होती, ती वळवता यायची नाही. एकदा सोडली की ती तिची, आपण आपले.

हे आठवायचं कारण म्हणजे गेल्या उन्हाळ्यात आमच्या न्यू जर्सीतल्या गल्लीत एका गराज सेलमध्ये मला लेगो माइंडस्टॉर्म्सचा जुना खोका मिळाला. २००६ सालचं एनएक्सटी मॉडेल. राखाडी रंगाची वीट, तीन मोटरी, काही सेन्सर आणि असंख्य दातेरी चाकं. लेगोने ही माइंडस्टॉर्म्सची मालिकाच २०२२ मध्ये बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे विकणाऱ्या काकूंच्या दृष्टीने ती अडगळ होती. माझ्या दृष्टीने अलिबाबाची गुहा! या खेळण्याचं नाव सेमूर पॅपर्ट यांच्या १९८० च्या 'माइंडस्टॉर्म्स' या पुस्तकावरून आलं. मुलांनी संगणकाकडून शिकू नये, संगणकाला शिकवावं, असं म्हणणारा हा एमआयटीतला गणिती. मालिकेतली पहिली वीट, आरसीएक्स, बाजारात आली १९९८ मध्ये. हे साल जरा लक्षात ठेवा.

घरी आल्यावर सात वर्षांच्या कन्येने फर्मान काढलं: "बाबा, रोबो नको. सगळ्यांकडे रोबो आहे. आपण बोट करू."

रोबोटची होडी करायची तर पहिली अडचण वजनाची. सहा पेन्सिल सेल घातले की ती वीट चांगलीच जड होते, आणि जड वस्तू उंचावर ठेवली की होडी कलंडणारच. त्यात वीट भिजली तर खेळच खलास. आम्ही शीतपेयाच्या दोन लिटरच्या दोन बाटल्या शेजारी शेजारी अंतर ठेवून बांधल्या आणि त्यावर प्लॅस्टिकचा एक डबा बसवला. कोकणातल्या उलांडीच्या होडीचा हा दूरचा, गरीब नातेवाईक म्हणा. दोन बाटल्या मिळून चार किलोच्या आसपास वजन बुडायच्या आधी पेलतात, त्यामुळे तरंगण्याची चिंता मिटली.

दुसरी अडचण पंख्याची. एनएक्सटीची मोटर ताकदवान पण आळशी. मोकळी सोडली तरी मिनिटाला दीडशे-पावणेदोनशे फेरे. पाण्याखालच्या छोट्या पंख्याला हे कुठे पुरणार? चाळीस दात्यांचं चाक आठ दात्यांच्या चाकाला जोडून वेग पाचपट करून पाहिला, तर अर्धी ताकद घर्षणातच गेली आणि आस पाण्यातून बाहेर काढताना डब्यात गळती सुरू झाली. शेवटी मी चक्क दीडशे-पावणेदोनशे वर्षं मागे गेलो आणि दोन्ही बाजूंना पाणचक्कीसारखी वल्हेचाकं लावली. १८४५ मध्ये ब्रिटिश आरमाराने पंख्याची 'रॅटलर' आणि वल्हेचाकांची 'अलेक्टो' ही जहाजं शेपटीला शेपटी बांधून रस्सीखेच लावली होती आणि रॅटलरने अलेक्टोला उलटं ओढत नेलं होतं. तो निकाल मला तोंडपाठ आहे. पण अलेक्टोकडे लेगोची मोटर नव्हती. हळू आणि जोरकस फिरणाऱ्या मोटरीला वल्हेचाकच मानवतं, शिवाय दोन चाकांना दोन वेगळ्या मोटरी लावल्या की सुकाणूही लागत नाही. डावं जोरात फिरवलं की होडी उजवीकडे. काम झालं.

आता राहिलं दुरून चालवणं. आणि इथे आमची गाठ पडते निकोला टेस्ला या माणसाशी.

मी कामाला रेल्वेने न्यूयॉर्कच्या पेन स्टेशनला उतरतो. त्या स्टेशनच्या डोक्यावर मॅडिसन स्क्वेअर गार्डन आहे. टेस्लाने आपली बिनतारी होडी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दाखवली हे मी कधीतरी वाचलं होतं, त्यामुळे रोज सकाळी जिना चढताना मी मनातल्या मनात एक नमस्कार टाकत असे. दोन वर्षांनी कळलं की हे गार्डन १९६८ चं! टेस्लाचं गार्डन वेगळं. ते मॅडिसन अॅव्हेन्यू आणि २६ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावर होतं, स्टॅनफर्ड व्हाइट या वास्तुविशारदाने बांधलेलं, १८९० चं. १९२० च्या दशकात ते पाडलं आणि तिथे आज सोनेरी शिखराची न्यूयॉर्क लाइफ विमा कंपनीची इमारत उभी आहे. म्हणजे दोन वर्षं माझा नमस्कार बास्केटबॉलला जात होता. असो.

साल १८९८. फेब्रुवारीत हवानाच्या बंदरात 'मेन' ही अमेरिकन युद्धनौका स्फोटात बुडून अडीचशेहून जास्त खलाशी मेले होते. एप्रिलमध्ये अमेरिका आणि स्पेनचं युद्ध जुंपलं. मे महिन्यात याच गार्डनमध्ये विजेचं प्रदर्शन भरलं. शहरात युद्धज्वर, वर्तमानपत्रांत पाणसुरुंग आणि टॉर्पेडो. त्या वर्षी टेस्लाने पाण्याच्या हौदात साधारण चार फूट लांबीची एक लोखंडी होडी सोडली. तार नाही, दोर नाही. बाजूला पेटीवरची तरफ फिरवणारा टेस्ला.

त्या होडीच्या पोटात काय होतं ते त्याच्या पेटंटमध्ये सविस्तर दिलंय, आणि इंजिनियर म्हणून मला त्यातलीच गंमत जास्त वाटते. तेव्हा रेडिओचे दिवे नव्हते, ट्रान्झिस्टर तर दूरच. लहरी ओळखायला होता 'कोहिअरर': एका नळीत धातूचे कण. एरवी त्यातून वीज जवळजवळ जात नाही. विद्युतचुंबकीय लहर आली की कण एकमेकांना चिकटल्यासारखे होतात आणि वीज वाहू लागते. फ्रान्सच्या ब्रान्लीने १८९० मध्ये हा गुण दाखवला होता. आपले जगदीशचंद्र बोसही याच प्रांतातले. १८९५ मध्ये कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी भिंतींपलीकडून लहरी पाठवून घंटा वाजवली होती आणि दारूही उडवली होती. अडचण एवढीच की कण एकदा चिकटले की चिकटूनच राहतात. नळीला टिचकी मारावी लागते. टेस्लाने टिचकी न मारता प्रत्येक संकेतानंतर ती नळीच उलटीपालटी करणारी घड्याळी यंत्रणा बसवली.

आणि अशा यंत्राला कळायचं काय? फक्त "आला" की "नाही आला". डावं-उजवं हे त्याला सांगणार कसं? तर आतलं एक चाक प्रत्येक संकेताला एक घर पुढे सरकायचं. एका घरात सुकाणू डावीकडे, पुढच्यात स्थिर, त्यापुढे उजवीकडे, पुन्हा स्थिर. आपल्या लहानपणीची एका बटणाची डिजिटल घड्याळं आठवा. वेळ, तारीख, गजर, स्टॉपवॉच असं फिरत फिरत हव्या त्या जागी यायचं आणि एकदा जास्त दाबलं की पुन्हा सगळी प्रदक्षिणा. टेस्ला जास्त दाबत नसावा.

होडीवर दिवे होते, तेही लुकलुकवता यायचे. सांगतात की प्रेक्षकांपैकी कोणी विचारलं, ६४ चं घनमूळ किती? दिवा चार वेळा लुकलुकला. लोकांना वाटलं आत माकड बसवलंय, जादू आहे, मनोविद्या आहे. या गोष्टींना पुढच्या सांगण्यात थोडी फोडणी बसली असावी. अशीच आणखी एक गोष्ट टेस्लाच्या १९४४ च्या चरित्रात आहे: एका विद्यार्थ्याने म्हटलं की यात स्फोटकं भरली तर काय छान शस्त्र होईल, तेव्हा टेस्ला तडकून म्हणाला की हा टॉर्पेडो नव्हे, ही रोबोटांच्या वंशातली पहिली आहे. वाक्य झकास आहे. फक्त 'रोबोट' हा शब्द कारेल चापेकच्या १९२० च्या नाटकातून आला. १८९८ मध्ये तो कोणाच्या तोंडी असणं शक्य नाही. त्या काळात टेस्ला आपल्या यंत्राला 'टेलिऑटोमॅटन' म्हणत असे.

आणि तडकायचं तरी कोणत्या तोंडाने? हे यंत्र युद्धात इतकं संहारक ठरेल की युद्धच थांबतील, असं तो स्वतःच सांगत होता. नोव्हेंबर १८९८ मध्ये व्हिएन्नाहून मार्क ट्वेनने त्याला पत्र लिहून विचारलं की या संहारक यंत्राचे ऑस्ट्रिया आणि इंग्लंडमधले हक्क विकायचे असतील तर मध्यस्थी करू का! ट्वेनचं विनोदी लेखन आवडणाऱ्यांना हे पत्र वाचताना जरा चमत्कारिक वाटतं.

पेटंटचा अर्ज १ जुलै १८९८ चा. टेस्लाने नंतर आत्मचरित्रात लिहिलंय की दावा इतका अविश्वसनीय वाटला की पेटंट कार्यालयाचा मुख्य परीक्षक स्वतः न्यूयॉर्कला येऊन होडी चालताना पाहून गेला. ८ नोव्हेंबरला पेटंट मिळालं, क्रमांक ६१३,८०९. मग तो वॉशिंग्टनला एका अधिकाऱ्याकडे हे सरकारला देऊ करायला गेला, तर तो अधिकारी चक्क हसत सुटला. तेव्हाच्या नियमाप्रमाणे सतरा वर्षांनी, १९१५ मध्ये, पेटंटची मुदत संपली. तोवर युरोपात महायुद्ध पेटलं होतं. १९१७ मध्ये जर्मनांनी स्फोटकं भरलेली, किनाऱ्यावरून तारेने चालवलेली बिनमाणसाची होडी 'एरेबस' या ब्रिटिश युद्धनौकेवर नेऊन आदळली.

मध्ये एक सभ्य प्रकरणही आहे. स्पेनच्या तोर्रेस केवेदो यांनी आपलं 'टेलेकिनो' १९०३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत दाखवलं आणि १९०६ मध्ये बिल्बाओच्या बंदरात, राजा तेरावा आल्फोन्सो बघत असताना, माणसं बसलेली होडी किनाऱ्यावरून चालवली. त्यांनाही पुढे सरकारकडून पैसे मिळाले नाहीत.

आता आमचं बघा. पहिल्या आरसीएक्स विटेकडे रेडिओ नव्हताच, टीव्हीच्या रिमोटसारखे अवरक्त किरण होते. भर उन्हात तळ्यावर त्याचा काय उपयोग? म्हणजे टेस्लानंतर बरोबर शंभर वर्षांनी आलेलं खेळणं या बाबतीत त्याच्या मागेच होतं. एनएक्सटीत ब्लूटूथ आलं. लेगोही डेन्मार्कचं आणि ब्लूटूथ हे नाव 'निळ्या दाताच्या' हाराल्ड या डॅनिश राजाचं. ब्लूटूथ सेकंदाला सोळाशे वेळा वारंवारता बदलतं, उड्या मारत बोलतं. अशा उड्यांची कल्पना १९४२ च्या एका पेटंटमध्ये आहे, ते हॉलिवुडची नटी हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांचं. कशासाठी? टॉर्पेडोला दुरून दिशा द्यायला, शत्रूला मध्ये तोंड घालता येऊ नये म्हणून. आणि टेस्लाने १९०० मध्येच दोन वारंवारता एकदम आल्या तरच यंत्राने ऐकावं, अशा रचनेसाठी अर्ज केला होता. आपल्या होडीने भलत्याचं ऐकू नये, ही चिंता होडीइतकीच जुनी.

एका रविवारी आम्ही घराजवळच्या तळ्यावर गेलो. होडी निघाली, वळली, कन्या नाचली. व्हिडिओ कॉलवर सांगलीहून अण्णा बघत होते. पंधराएक पावलांवर गेल्यावर होडीने ऐकणं बंद केलं. या ब्लूटूथचा पल्लाच दहाएक मीटरचा, त्यात अँटेना पाण्यालगत. हे मला माहीत होतं. पण माझ्या प्रोग्राममध्ये मोटरीला एकदा "फीर" सांगितलं की "थांब" येईपर्यंत ती फिरतच राहायची, आणि "थांब" आता पोहोचणार नव्हतं. होडी सरळ समोरच्या काठावरच्या हंसांच्या कळपात घुसली. तिथे एक पिल्लू होतं. काही झालं नाही, पण हंसिणीने डब्यावर अशी चोच मारली की आम्ही तळ्याला वळसा घालून पोहोचेपर्यंत माझ्या पोटात गोळा आला होता.

"बाबा, ती आपलं ऐकत नव्हती, तर कोणाचं ऐकत होती?"

शेवटचं ऐकलेलं. टेस्लाच्या होडीतही तसंच झालं असतं: संकेत तुटला तर चाक ज्या घरात आहे तिथेच राहणार, सुकाणू उजवीकडे असेल तर बॅटरी संपेपर्यंत होडी गोल फिरणार. हौदात ते चालतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये सेव्हस्तोपोलच्या बंदरावर स्फोटकं भरलेल्या बिनमाणसाच्या युक्रेनी होड्या चालून गेल्या तेव्हा, संपर्क तुटला तर यांनी काय करायचं, हे कोणीतरी आधी बसून लिहिलं असणार. थांबायचं, परत फिरायचं, की ठरलेल्या दिशेने जातच राहायचं? माझ्यासारखाच कोणी इंजिनियर, रात्री उशिरा, चहा पीत. मी त्या रात्री चार ओळी लिहिल्या: दोन सेकंद संदेश आला नाही तर दोन्ही मोटरी बंद.

पुढच्या रविवारी त्या ओळींनी चोख काम केलं. होडी तळ्याच्या मध्यावर शहाण्यासारखी थांबली आणि तिथेच राहिली. वारा पडलेला. तासभर आम्ही काठावर बसून होतो.

"सुतळी बांध रे," अण्णा फोनवर म्हणाले. "एवढं शिकून साधी सुतळी सुचली नाही?"

आता होडीला मासे पकडायची वीस मीटर दोरी असते, कन्येच्या मनगटाला बांधलेली. तिचा नवा प्रश्न असा की दोरी आहेच, तर मग ब्लूटूथ कशाला. मी अजून विचार करतोय.