तोंडातील पांढरे चट्टे : मिरचीवरचा आळ आणि सुपारीचा शोध

तोंडात आरशात पाहताना काही पांढरे दिसले की माणूस घाबरतो. बहुतेक वेळा घाबरण्यासारखे काही नसते. ओठाच्या आत किंवा गालाच्या आत दिसणारे रव्यासारखे पिवळट-पांढरे दाणे म्हणजे तेलग्रंथी असतात. अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ फोर्डाइस यांनी १८९६ मध्ये त्यांचे वर्णन केले. त्यांना उपचाराची गरज नसते. लहान बाळाच्या जिभेवर दह्यासारखा थर दिसतो, तो बुरशीचा असतो. मधुमेही रुग्णाला किंवा दम्याचा स्टिरॉइडचा पंप घेणाऱ्यालाही तो होऊ शकतो. औषधाने तो बरा होतो. त्याच वर्षी, १८९६ मध्येच, न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ कॉप्लिक यांनी गोवर अंगावर येण्याआधी गालाच्या आत दिसणाऱ्या मिठाच्या कणांसारख्या ठिपक्यांचे वर्णन केले.

पण वर्धा जिल्ह्यात दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला रोज दिसतो तो वेगळाच पांढरेपणा. बोटाला कापड गुंडाळून पुसला तरी तो निघत नाही. दुखत नाही. कधी तो एका जागी जाड चट्टा असतो, तर कधी गालाची संपूर्ण आतली बाजू संगमरवरासारखी पांढुरकी आणि ताठ झालेली असते. पहिल्या प्रकाराला ल्युकोप्लाकिया म्हणतात. हे नाव बुडापेस्टच्या श्विमर यांनी १८७७ मध्ये दिले. दुसऱ्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. म्हणजे तोंडाच्या नाजूक अस्तराखाली दोरखंडासारखे तंतू तयार होतात आणि तोंड हळूहळू उघडेनासे होते. या दुसऱ्या आजाराचा इतिहास आपल्या महाराष्ट्राशी फार जवळून जोडलेला आहे.

काही लेखक सुश्रुतसंहितेतील 'विदारी' हाच तो आजार असे सांगतात. मला ते ओढूनताणून वाटते. विदारीच्या वर्णनात दाह, टोचणी, तांबूस सूज आणि सडलेले मांस आहे. पांढरे पडत जाणारे, बंद होत जाणारे तोंड त्यात मला सापडत नाही. आधुनिक नोंद १९५२ ची आहे. श्वार्ट्झ यांनी केनियात राहणाऱ्या पाच भारतीय स्त्रियांच्या तोंडातील हा विकार मांडला आणि त्याला एक लांबलचक लॅटिन नाव दिले, ज्याचा अर्थ साधारण 'कारण माहीत नसलेला' असा होतो. पुढच्याच वर्षी, १९५३ मध्ये, मुंबईचे कान-नाक-घसा तज्ज्ञ डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्णांवर लेख लिहिला आणि तंतू अस्तराखाली वाढतात हे सांगणारे नाव दिले. आज जगभर रूढ असलेले 'सबम्यूकस फायब्रोसिस' हे नाव त्यातूनच आले.

नाव मिळाले, कारण मात्र मिळाले नाही. संशय मिरचीवर गेला. हे समजण्यासारखे आहे, कारण रुग्णाची पहिली तक्रारच मुळी 'तिखट लागलं की तोंडाची आग होते' अशी असते. मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. वसंत खानोलकर आणि डॉ. सत्यवती सिरसाट यांनी हा संशय प्रयोगशाळेत तपासला. मिरचीतील तिखट द्रव्य त्यांनी उंदरांच्या टाळूवर लावले. या उंदरांना आधी कमी पोषणाचा आहार दिला होता. १९६० मध्ये त्यांनी लिहिले की टाळूखाली बदल दिसले. त्या काळाच्या मानाने हा प्रामाणिक आणि चांगला प्रयोग होता. पण तिखट तर सगळे खातात, मग हा आजार काहींनाच का होतो, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

आमच्याकडचे रुग्ण आजही मिरचीलाच दोष देतात. सावजीचा रस्सा बंद केला, तिखट सोडले, पण खर्रा चालू. 'खर्ऱ्यानं काय होते जी, तिखटच लागते तोंडाले,' असे ते म्हणतात. तिखट लागणे हा आजाराचा परिणाम आहे, कारण नव्हे. अस्तर पातळ झाले, म्हणून आग होते.

उत्तर मिळाले ते गावोगाव फिरून. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमध्ये डॉ. फली मेहता यांच्या नेतृत्वाखाली दंतसंशोधनाचा एक गट होता. कोपनहेगनचे तोंडाच्या विकृतींचे तज्ज्ञ पिंडबोर्ग त्यांच्यासोबत होते. या गटाने अनेक राज्यांत घरोघरी जाऊन लोकांची तोंडे तपासली. पुणे जिल्ह्यात त्यांनी १,०१,७६१ खेडुतांची तपासणी केली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. संगणक आजच्यासारखे नव्हते, रस्ते नव्हते, तरीही एवढ्या माणसांना तोंड उघडायला लावून, प्रत्येकाच्या सवयी विचारून नोंदी ठेवल्या. माझ्या मते भारतीय वैद्यकातील हे एक मोठे काम आहे आणि त्याची आठवण फारशी काढली जात नाही. अशा पाहण्यांतून दिसले की ल्युकोप्लाकिया आणि तोंडाचा कर्करोग तंबाखू वापरणाऱ्यांत सापडतो. फायब्रोसिसच्या रुग्णांकडे नीट पाहिले, तेव्हा समान धागा निघाला सुपारीचा. १९८० च्या दशकात प्रयोगशाळेतही दिसून आले की सुपारीतील अरेकोलिन हे द्रव्य पेशींना जास्त तंतू तयार करायला लावते.

केरळमधील एर्नाकुलमच्या ६६ फायब्रोसिस रुग्णांचा या गटाने १७ वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. त्यांपैकी ५ जणांना तोंडाचा कर्करोग झाला. म्हणजे साधारण १३ रुग्णांत एक.

इकडे काळ बदलत गेला. पान खाणारी पिढी कमी झाली आणि गुटख्याच्या पुड्या आल्या. वर्धा दारूबंदीचा जिल्हा, पण खर्ऱ्याला त्याची अडचण नव्हती. सुपारीचे तुकडे, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून पानठेल्यावर ताजा दिला जातो. पानात सुपारी थोडी असते, खर्ऱ्यात मुख्य माल तीच. शिवाय तो तासन्‌तास एकाच गालात ठेवतात. म्हणून पूर्वी मध्यमवयीनांत दिसणारा आजार आता विशीतल्या पोरांत दिसतो. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली आणि पुढे सुगंधी तंबाखू-सुपारीही तिच्या कक्षेत आली. पण समोर घोटून मिळणाऱ्या वस्तूला पाकीट नाही, कंपनीचे नाव नाही. ती पकडायची कशी, हा प्रश्न आहे.

'मग तंबाखू काढून नुसती सुपारी खातो' हा तोडगा मी नेहमी ऐकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये स्पष्ट केले की तंबाखूशिवायही सुपारी माणसात कर्करोग घडवते. फायब्रोसिससाठी तर सुपारीच मुख्य. गोड, सुगंधी, मुखशुद्धीची, लग्नातली, सगळी तीच.

आता उपचारांचे. ल्युकोप्लाकियाच्या बाबतीत इतिहास दिलासा देतो. मेहता यांच्या गटाने १९७७ पासून एर्नाकुलम, भावनगर आणि श्रीकाकुलम जिल्ह्यांत सुमारे ३६,००० तंबाखू वापरणाऱ्यांना समजावण्याचे काम केले. पाच वर्षांनी एर्नाकुलममध्ये नव्या पांढऱ्या चट्ट्यांचे प्रमाण चांगलेच घटलेले दिसले. सवय सुटली की अनेकांचे चट्टे लहान होतात, काहींचे जातात. उरलेल्या चट्ट्याचा तुकडा काढून तपासावा लागतो, आणि गरज पडली तर तो चट्टा काढून टाकावा लागतो.

फायब्रोसिसचे तसे नाही. एकदा तयार झालेले तंतू पूर्ण विरघळत नाहीत. गालात स्टिरॉइड आणि हायल्युरोनिडेजची इंजेक्शने, तोंड उघडण्याचा रोजचा व्यायाम, आणि तोंड फारच बंद झाले असेल तर शस्त्रक्रिया, यांनी सुधारणा होते. पण खर्रा चालू असेल तर ही इंजेक्शने म्हणजे गळक्या माठात पाणी.

घरी एक तपासणी करता येते. स्वतःची तीन बोटे, एकावर एक उभी धरून, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून पाहा. जात नसतील तर तपासून घ्या. पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारी जखम दोन आठवड्यांहून जास्त राहिली तर वाट पाहू नका. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचे दंत महाविद्यालय जवळच आहेत. ज्यांना फायब्रोसिस झाला आहे, त्यांनी खर्रा सोडल्यावरही दर सहा महिन्यांनी तोंड दाखवावे, कारण सवय सुटली तरी कर्करोगाचा धोका लगेच संपत नाही.