जन्मांध कोणाला म्हणायचं?

'जन्मांध' हा शब्द आपण सहज वापरतो. पण एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या अंधशाळांमधली पुष्कळ मुलं जन्मली तेव्हा डोळस होती. आईला परमा असेल तर प्रसूतीत बाळाच्या डोळ्यांना संसर्ग व्हायचा. दोन-चार दिवसांत डोळे सुजायचे, पू यायचा, बुबुळावर फूल पडून दृष्टी जायची. लायपझिगच्या प्रसूतिगृहात कार्ल क्रेडे यांनी १८८०पासून, आई आजारी आहे का याची चौकशी न करता, प्रत्येक नवजात बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब घालायला सुरुवात केली. शंभरात सुमारे दहा बाळांना होणारा हा आजार एकाच्याही खाली आला. तेव्हा, मंडळी, 'प्रारब्ध' म्हणण्याआधी आपण कारण शोधलं का, हे स्वतःला विचारू या.